डेलीला पाहिजे

एमएच ४२ म्हणजे बारामतीचं पासिंग. या पासिंगवाल्यांची गाडीची हौस म्हटली की बाहेरच्या माणसापुढं पांढरी फॉर्च्युनर उभी राहते. काचा गडद, आत सात माणसं, आणि नंबर ४१४१, म्हणजे लांबून 'दादा' वाचता यावा. तिला हौस म्हणणं काही बरोबर नाही. ती पंचायत समितीच्या निवडणुकीची पूर्वतयारी असते. खरी हौस असलेला माणूस वेगळाच, आणि तो बारामती-इंदापूर पट्ट्यात दर चार गावांमागं एक सापडतो. कुठं त्याला तात्या म्हणतात, कुठं नाना, कुठं नुसतंच 'शेठ'. आपण सोयीसाठी बापू म्हणू.

बापू चाळिशी ओलांडलेला. आठ-दहा एकर बागायत, नीरा डाव्या कालव्याचं पाणी, निम्म्या रानात ऊस, उरलेल्यात डाळिंब नाहीतर पेरू. पुण्यात इंजिनिअरिंगची चार वर्षं त्यानं सहा वर्षांत पूर्ण केली. त्या काळात, २००४ च्या सुमारास, फर्ग्युसन रस्त्यावर एक ऑक्टाव्हिया व्हीआरएस त्याच्या शेजारून गेली. टर्बो पेट्रोल इंजिन, दीडशे अश्वशक्ती. गाडी डेक्कनच्या बाजूला निघून गेली, बापू अजून तिथंच उभा आहे.

तेव्हापासून त्याला स्पोर्ट कार घ्यायची आहे. सेकंडहँड. फेरारीच्या नादाला तो लागत नाही. इटलीनं बारामतीला काय द्यायचं ते देऊन झालंय, असं त्याचं म्हणणं. पियाजिओ आली, तिनं तीनचाकी आपे रिक्षा दिली. फेरेरो आली, तिनं पोरांना चॉकलेटचं अंडं दिलं. फेरारी तेवढी यायची राहिली. त्यामुळं बापूची नजर जमिनीवरच्या गाड्यांवर असते, आणि त्यातल्या बहुतेक योगायोगानं महाराष्ट्रातच बनलेल्या. व्हीआरएस औरंगाबादेतली, पोलो जीटी चाकणची, अबार्थ पुंतो रांजणगावची, आणि पॅलिओ वन पॉइंट सिक्स कुर्ल्याची. कुर्ल्याचं नाव निघालं की बापूची छाती जरा फुगते. तो कारखाना मूळचा प्रीमियरचा, प्रीमियर १९४४ साली काढली वालचंद हिराचंदांनी, आणि वालचंदांनी वालचंदनगर वसवलं ते इंदापूर तालुक्यात, कळंबच्या माळावर. "म्हंजे हिंदुस्थानच्या मोटारीला पाणी आपल्या तालुक्याचं हाय," असं सांगून तो समोरच्याकडं अशा नजरेनं बघतो, की जणू रॉयल्टी अजून घरी यायची राहिलीय.

हे सगळं असूनही 'मला स्पोर्ट कार घ्यायची आहे' हे वाक्य बापूच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. तो म्हणतो, "डेलीला एक गाडी बघतोय."

यातली गोम या भागात राहिल्याशिवाय कळत नाही. बागायतदाराच्या घरात कुठलीही वस्तू मजेसाठी येत नाही. बुलेट येते ती मळ्यात जायला. महागडा कॅमेरा येतो तो डाळिंबावरच्या तेल्याचे फोटो कृषी अधिकाऱ्याला पाठवायला. घर हादरवणारे स्पीकर येतात ते आजीला कीर्तन नीट ऐकू यावं म्हणून. पैसा नसतो असं नाही. उसाचं बिल येतं, दिवाळीला कारखान्याचा हप्ता येतो, एखाद्या साली रस्त्यात जमीन गेली तर मोबदलाही येतो. पण तो पैसा वापरापुढं हात जोडूनच खर्च व्हावा लागतो. म्हणून बापू आपल्या स्वप्नाला रोजचं काम लावून देतो. दूध डेअरीला गाडी लागते, बँकेत लागते, दहाव्याला-लग्नाला लागते, पोराला क्लासला सोडायला लागते. या सगळ्याला दीडशे अश्वशक्ती कशाला, हे कुणी विचारू नये, एवढीच त्याची अपेक्षा.

आणि मग सुरू होतो तो वाद, जो बापू गेली कित्येक वर्षं एकटाच दोन्ही बाजूंनी लढतोय: जुनी घ्यावी की नवी?

सोमवारी त्याचं मत जुन्याकडं असतं. जुनी म्हणजे व्हीआरएस, पॅलिओ, नाहीतर २००० च्या आसपासची होंडा सिटी व्हीटेक, एकशे सहा अश्वशक्तीची. जुन्या गाडीत माणूस गाडी चालवतो. गिअर हातानं पडतो, स्टेअरिंगमधून रस्ता कळतो, बोनेट उघडलं की इंजिन दिसतं. नव्या गाडीचं बोनेट उघडलं तर प्लास्टिकचं झाकण दिसतं आणि झाकणावर कंपनीचं नाव. जुनी बंद पडली तर भिगवण रोडचा मिस्त्री कानानं ओळखतो काय झालंय ते. पार्ट नाना पेठेत, तिथं नाही तर कुर्ल्याच्या जुन्या बाजारात.

गुरुवारपर्यंत तो नव्याकडं आलेला असतो. एअरबॅग, एबीएस, थंडगार एसी. जुन्या गाडीचं पंधरा वर्षांनी पासिंग पुन्हा करायचं, पर्यावरण कर भरायचा, आरटीओत फिटनेसला उभं राहायचं, आणि साहेबानं हेडलाइटकडं बोट दाखवलं की परत जायचं. त्यापेक्षा २०१५-१६ ची बरी. अबार्थ पुंतो, एकशे पंचेचाळीस अश्वशक्ती, नवी होती तेव्हा शोरूमला दहा लाखांच्या आत. पण रविवारी कुणीतरी सांगतं की नव्या गाडीला मिस्त्री लागत नाही, लॅपटॉपवाला लागतो, आणि तो पुण्याहून यायचे वेगळे पैसे घेतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर उन्हाळ्यात गेला तर त्या पैशात एक दुभती म्हैस येते, आणि म्हैस निदान दूध देते. सोमवारी बापू पुन्हा व्हीआरएसकडं.

बापू गाडी बघायला जातो तो एक सोहळा असतो. फलटण, अकलूज, कोल्हापूर, पुणे, कुठंही. मालकाला तो आधीच फोनवर बजावतो, "गाडी सकाळपास्नं चालू करू नका." पोचल्यावर नमस्काराआधी बोनेटवर हात ठेवतो. गरम लागलं तर मालकाकडं असं बघतो, की बिचाऱ्याला न केलेला गुन्हा कबूल करावासा वाटतो. मग खाली रुमाल अंथरून झोपतो आणि मोबाईलच्या बॅटरीनं चासी बघतो. दाराची रबरं उचकटून वेल्डिंगचे ठिपके मोजतो. काचेवरचं साल वाचतो, सगळ्या काचा एका सालच्या असल्या पाहिजेत. टायरवरचे चार आकडे वाचतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. मीटरवर साठ हजार किलोमीटर आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं दिसलं, की मान हलवतो. आरसी तर तो सातबारा वाचावा तशी वाचतो: मूळ मालक कोण, वारस किती, इतर हक्कात बँक आहे का, बोजा उतरवलाय का. फॉर्म २९, ३० आणि बाहेरच्या पासिंगची असेल तर २८ त्याच्या पिशवीत कोरे तयार असतात. आजवर एकावरही सही झालेली नाही.

परत येताना तो खूश असतो. गाडी नाकारणं हा त्याच्या आनंदातला मोठा भाग आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

बापूच्या डेलीचा रस्ता तुम्ही पाहिला असेल तर तुम्हाला त्याची आणखी कीव येईल. कालव्याकडेनं जाणारी सडक, तिच्यावर ज्याच्या त्याच्या घरासमोर ज्याच्या त्याच्या मापाचा स्पीडब्रेकर. काही तर इतके खाजगी, की त्यांच्यावर पट्टे मारायचं काम फक्त गाड्यांच्या बुडांनी केलंय. स्पोर्ट सस्पेन्शन तिथं कंबरेला सगळा हिशेब देतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला, की पुढं एक ट्रॅक्टर, मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, दिवा एकाही ट्रॉलीला नाही, आणि ट्रॅक्टरवर गाणं असं, की मागच्याच्या हॉर्नला काही अर्थ उरत नाही. दीडशे अश्वशक्ती भवानीनगरपर्यंत त्या ट्रॉलीच्या मागं पहिल्या गिअरमध्ये मुकाट चालते.

मध्यंतरी एक आशेचा किरण आला. पाटसपासून बारामती, इंदापूर, अकलूजवरून जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग चौपदरी करायचं ठरलं. २०२१ च्या नोव्हेंबरात भूमिपूजन झालं. काळा गुळगुळीत रस्ता बघून बापूच्या डोळ्यांत पाणी तरळलं. वारकऱ्यांच्या सोयीसाठी बरं का. "बेलवाडीच्या रिंगणात अश्व वर्षातनं एकदा पळतो," तो मला म्हणाला, "रस्ता झाल्यावर आपलं दीडशे रोज पळतील." माउली-तुकोबांचं नाव घेऊन क्षमा मागितली ती त्यानं ताबडतोब.

मग आलं इथेनॉल. हा बापूच्या आयुष्यातला खरा धर्मसंकटाचा प्रसंग, आणि तो या मातीतच घडू शकतो. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायला लागले. एप्रिल २०२३ च्या आधी बनलेल्या बहुतेक गाड्या त्या प्रमाणासाठी बनवलेल्या नाहीत. जुन्या गाडीची रबरी नळी, वॉशर, इंधनपंप, सगळ्यांना त्याचा धाक. आणि इथेनॉल येतं कुठून? उसापासून. बापू कारखान्याचा सभासद. उसाला चार पैसे जास्त मिळायचे तर कारखान्यानं आसवनी चालवली पाहिजे, इथेनॉल विकलं पाहिजे. वार्षिक सर्वसाधारण सभेत बापूनं या विषयावर दोन्ही हात वर केले होते. आता त्याच्या लक्षात आलं की आपल्याच शेतातला ऊस मळीच्या वाटेनं जाऊन पेट्रोलपंपावर उभा आहे आणि आपल्याच व्हीआरएसच्या नळ्या खाणार आहे, जी व्हीआरएस आपण अजून घेतलेलीही नाही. "सभासद म्हणून पायजे, मालक म्हणून नको," असा ठराव त्यानं मनातल्या मनात मांडला. अनुमोदक मिळाला नाही.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. या न घेण्यामुळं बापूला गावात मान आहे. डॉक्टर, मास्तर, सोसायटीचा सचिव, ज्याला जुनी गाडी घ्यायची तो आधी बापूकडं येतो. त्याच्या सल्ल्यानं अर्ध्या गावानं चांगल्या गाड्या घेतल्या. डॉक्टरांना त्यानं पोलो जीटी घेऊन दिली आणि परत येताना इंदापूरपर्यंत स्वतः चालवली. त्या रात्री जेवला नाही. वहिनींनी विचारलं तर म्हणाला, "पित्त झालंय."

वहिनींची भूमिका साधी आहे. त्या विरोधही करत नाहीत आणि होही म्हणत नाहीत. एकदा मोबाईलवरचा ऑडी टीटीचा फोटो बघून त्यांनी एवढंच विचारलं होतं, "दारं दोनच? मग सासूबाईंनी बसायचं कुठनं?" टीटी त्या दिवशी यादीतून गेली. २०१० साली औरंगाबादच्या मंडळींनी मिळून एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, हे बापूनं त्यांना अनेकदा ऐकवलंय. "मग त्यांच्यातलीच एखादी आता जुनी झाली असंल," वहिनी म्हणाल्या. बापूला हे आधी कसं सुचलं नाही, म्हणून तो चार दिवस अस्वस्थ.

कोंडी फुटली ती आबांमुळं. आबा म्हणजे बापूचे वडील, पंचाहत्तरीचे, पटका अजून बांधणारे. दोन वर्षं ते ओसरीवर बसून हा जुनी-नवीचा वाद ऐकत होते. एका संध्याकाळी बापू मला मायलेज, फिटनेस, डेअरीचं अंतर वगैरे समजावत असताना आबांनी तंबाखू थुंकली.

"घ्यायची तर घे की हौशीनं. डेली डेली कशापायी करतूस?"

बापू गोंधळला. "हौशीनं कशी घ्यायची, आबा? वापर पायजे ना."

"माझी खिलारं आठवत्यात का तुला?"

आठवत होती. शर्यतीची बैलजोडी होती ती, सगळ्या पंचक्रोशीत नाव. २०१४ ला शर्यती बंद झाल्या तेव्हा आबांनी ती जड मनानं दिली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी आली तेव्हा गुडघे चालत नव्हते म्हणून नवी आणली नाही.

"त्या जोडीला म्या एक दिस नांगर दावला न्हाई," आबा म्हणाले. "तुझ्या आज्याला सांगितलं हुतं, पेरणीला आणल्यात."

ओसरीवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मला वाटलं, आता बापू गप्प बसेल, उद्या जाऊन गाडी घेऊन येईल. बापूनं खुर्ची पुढं ओढली आणि विचारलं, "आबा, आदत घेतली हुती का जुळलेली?"

मग काय विचारता. दाताचं वय, चालीची ओढ, न शिकलेलं खोंड आणून घडवावं की मैदान मारलेला बैल चढ्या भावानं घ्यावा, दुसऱ्याच्या हातच्या खोडी किती दिवसांत जातात, यावर आबा जेवणवेळ टळेपर्यंत बोलत राहिले, आणि बापू फॉर्म २९ च्या पाठीमागं लिहून घेत राहिला.

पुढच्या रविवारी दोघं मिळून अकलूजला २००५ ची एक व्हीआरएस बघायला गेले. बापू बोनेटवर हात ठेवून उभा. आबा काठी टेकत गाडीभोवती दोनदा फिरले, मागं जाऊन उकिडवे बसले, एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले.

"नको रं," ते म्हणाले. "मागलं पाय फाकवून उभी हाय."

बापूनं खाली वाकून बघितलं. मागची दोन्ही चाकं खरंच खालून बाहेर फाकलेली होती. मालकानं किंमत पंचवीस हजारांनी उतरवली. दोघांनी एकमेकांकडं बघितलं, चहा घेतला आणि माळशिरसला आणखी एक आहे असं कळलं म्हणून तिकडं निघाले.