डाव्या हाताचा मळ

रा. रा. गॅसदे यांस,

शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मायना सवयीने लिहिलेला नाही. त्या रविवारी पौडच्या पुढच्या पाणंदीत मी तीन वेळा साष्टांग घातला, आठही अंगं मातीला लावून, आणि तिन्ही वेळा समोर आपणच मोबाइल धरून उभे होतात. तेव्हा नमस्कार पोचलेला आहे. ही त्याची लेखी नोंद.

आपलं खरं आडनाव छापत नाही. आपल्या मातोश्री सगळं वाचतात आणि दर दिवाळीला मला चकल्या पाठवतात. त्या बंद व्हायला नकोत. गॅसदे हे आडनाव मी दिलेलं आहे. गॅरेजमधला पोरगा ‘रेस दे’ म्हणतो, पण आपण परदेशी व्हिडिओ पाहून ‘गॅस दे’ शिकलात. गाडी रुतली, गॅस दे. चढ आला, गॅस दे. उतार आला, त्यालाही गॅस दे. शिंदे, कोंडे, गॅसदे. शोभतंय. आठवीपासून आपलं नातं अरे-तुरेचं असताना ही अहो-जाहो का, असं वाटेल. उस्तादाला एकेरीत हाक मारू नये म्हणतात.

आरंभ आठवत असेल. 2016 साली हिमालयन मोटरसायकल आली, 2019 साली एक्सपल्स, आणि बघता बघता आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंच मडगार्डाच्या गाड्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. त्यांतली एक माझी, आपल्या आग्रहाखातर. पुढचं चाक 21 इंची, मागचं 18, दोन्ही तारांची. पोट जमिनीपासून 220 मिलिमीटर वर. आणि सीट इतकी उंच की साडेपाच फुटी माणसाच्या पायांचं जमिनीशी फक्त बोटांपुरतं नातं उरतं. मी भीत भीत तसं बोललो, तर आपण चहाचा कप खाली ठेवून म्हणालात, “अरे, ऑफ-रोडिंग म्हणजे डाव्या हाताचा मळ आहे.”

हे वाक्य बाजूला काढून ठेवतो. त्या आठवड्यातल्या आपल्या सगळ्या प्रवचनात खरं निघालेलं हे एवढंच, आणि ते खरं आहे हे आपल्यालाही माहीत नव्हतं.

पूर्वतयारी आपण एका प्रश्नात उरकलीत: “हेल्मेट आहे ना? मग झालं.” मी कॅनव्हासचे बूट घालून आलो होतो. दीडशे किलोंहून जड गाडी घोट्यावर आडवी होते तेव्हा कॅनव्हास काय करतो, हे मला आता माहीत आहे: काहीच करत नाही. टायरमधल्या हवेचंही तसंच. डांबरी रस्त्यासाठी टणक भरलेली हवा घेऊन मी चिखलात शिरलो. वीस पीएसआयच्या आसपास उतरवली असती तर टायर जरा पसरून बसला असता, मातीला धरून राहिला असता. फारच उतरवली तर दगडावर ट्यूब चिमटून पंक्चर होते, आणि परत डांबरावर येताना भरायला पंप लागतो. पंप आपल्याकडे होता. बॅगेत, वेष्टनासकट.

आता पहिलं साष्टांग. पाणंद म्हणजे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, मधे गवताचा उंचवटा, दोन्ही अंगांना भातखाचरं आणि त्यांत लावणी चाललेली. आपण पुढे गेलात, वळलात, मोबाइल काढलात आणि ओरडलात, “उभा राहा आणि गॅस दे!” उभा राहिलो. फुटरेस्टवर उभं राहिलं की गुरुत्वमध्य खाली जातो, हे शास्त्र आपण आदल्या रात्रीच सांगितलं होतंत. (दहावीला विज्ञानात आपल्याला किती होते, हे मी इथे लिहीत नाही.) माणूस उभा राहिला की वर जातो, खाली नाही. उभं राहायचं ते वेगळ्या कारणासाठी. बसलेला माणूस म्हणजे गाडीवर बांधलेलं पोतं. गाडी हलेल तसं हलणार. उभ्या माणसाचे गुडघे आणि घोटे दणके गिळतात, आणि खालची गाडी इकडेतिकडे कलंडली तरी वरचा माणूस सरळ राहू शकतो. गुडघ्यांनी टाकी आवळायची, आणि हँडल मात्र हातात चिमणीचं पिल्लू असल्यासारखं धरायचं. मी ते विरार लोकलच्या दांड्यासारखं धरलं होतं.

मग दगड आला. मी त्याच्याकडे पाहिलं. इथे दुसरा एक नियम लागू होतो, जो आपण सांगितला नाहीत: डोळे जिकडे, गाडी तिकडे. हा नियम इतका पक्का आहे की दहा फूट रुंद वाटेत नारळाएवढा एकच दगड असला, तरी नवखा माणूस तो कधी हुकवत नाही. पुढचं चाक उसळलं, अंग मागे गेलं. हातांनी मूठ सोडली नव्हती, त्यामुळे अंगाबरोबर मनगट खाली ओढलं गेलं, आणि मनगट खाली गेलं की मूठ आणखी पिळली जाते. गाडी आणखी उसळली, अंग आणखी मागे, मूठ आणखी पिळली. म्हणजे बघा, मी आपली आज्ञा शब्दशः पाळत होतो. मी गॅस देत होतो. इतका कधीच कोणी दिला नसेल. बांध ओलांडून मी खाचरात उतरलो, तोवर देतच होतो.

इंजिन बोंबलत असताना आपण पुन्हा ओरडलात. काय ओरडलात, ते सांगायला नको.

आता बांधाबद्दल. आपल्या महाराष्ट्रात बांधापायी सख्खे भाऊ तीन-तीन पिढ्या कोर्टात जातात. तो बांध आपल्या शिष्याने हातभर फोडला होता आणि खाचरातलं पाणी खालच्या खाचरात चाललं होतं. लावणीच्या बायका कमरेतून सरळ झाल्या. एक आजी आल्या, माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “लागलं का रं, बाळा?” मी नाही म्हटल्यावर गाडीखालची रोपं बघून म्हणाल्या, “मग ऊठ. फावडं तिकडं हाय.” पाऊण तास मी चिखल थापत होतो. आपल्याला नेमका तेव्हा ऑफिसचा फोन आला. रविवारी. रेंज नसलेल्या ठिकाणी.

दुसरं साष्टांग थोडक्यात. निसरडं वळण, वळलेलं हँडल, आणि घाबरून दाबलेला पुढचा ब्रेक. “गाडीला एबीएस आहे रे!” असं आपण लांबून म्हणालात. आहे. 125 सीसीच्या वरच्या सगळ्याच नव्या गाड्यांना तो 2019 पासून सक्तीचा आहे. पण गाडी जवळजवळ थांबलेली असताना त्याचा उपयोग नसतो, आणि मी जवळजवळ थांबलेलाच होतो. तसाच, जवळजवळ थांबलेला, आडवा झालो. हँडलला धरून, कमरेत वाकून, हातांच्या जोरावर गाडी उचलली आणि पाठीत चमक भरली. आधी इंजिन बंद करावं, गाडी गिअरमध्ये ठेवावी, पाठ सीटला टेकवून उकिडवं बसावं आणि मांड्यांच्या जोरावर मागे मागे चालत ती उभी करावी, हे मला नंतर कळलं. पडायची विद्या शिकण्याआधी उचलायची शिकावी. गरज तिचीच जास्त पडते.

माझं सांत्वन करताना आपण थेट डकार रॅलीपर्यंत पोचलात. “अरे, सी. एस. संतोषसुद्धा पडतो.” पडतो. 2015 साली ती रॅली पूर्ण करणारा तो पहिला भारतीय. 2021 साली सौदी अरेबियात तो असा पडला की डॉक्टरांना त्याला कृत्रिम बेशुद्धीत ठेवावं लागलं. पाणंदीतल्या आपल्या विनोदासाठी ते नाव वापरायला नको होतं, एवढंच म्हणतो.

आणि मग ओढा.

ओढ्याला फार पाणी नव्हतं. गुडघ्याच्या थोडं खाली असेल. आधी चालत जाऊन बघायचं असतं: तळ मुरमाचा की कातळाचा, शेवाळ आहे का, खड्डा कुठे आहे. पाण्यात उतरायचंच तर पहिला गिअर, एकसारखी हलकी मूठ, नजर पलीकडच्या काठावर. आपण काय केलंत? “तू हो पुढे, मी शूट करतो.” गॅस दे म्हणालात, दिला. मधल्या शेवाळलेल्या कातळावर मागचं चाक फिरत राहिलं, गाडी डावीकडे गेली, मीही गेलो, आणि माझा डावा घोटा गाडीखाली राहिला. वर पाहिलं तर तू हसत होतास! अरे, मी पाण्यात, गाडी माझ्यावर, आणि तू मोबाइल आडवा करून फ्रेम बघत होतास!

क्षमा असावी. आपण हसत होतात.

पण खरा गुन्हा त्याच्या पुढचा. गाडी काठावर आणल्यावर आपला अंगठा स्टार्टरच्या बटणाकडे निघाला. पलीकडून ट्रॅक्टरवाले काका धावत आले नसते, तर आज हे पत्र गाडीच्या तेराव्याचं आमंत्रण झालं असतं. “बटण दाबू नका! आधी प्लग काढा!” हवा दाबली की आकसते, पाणी आकसत नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना इंजिन फिरवलं की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. काकांनी एअर फिल्टरच्या डब्यातलं पाणी ओतलं, प्लग काढला आणि मग बटण दाबायला लावलं. प्लगच्या भोकातून पिचकारी उडाली. दहा मिनिटांत गाडी सुरू. काकांनी गाडीची किंमत विचारली. मी सांगितली. काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

हिशेब असा: क्लचची लिव्हर तुटली, आरसा फुटला, पाठीला पट्टा, घोट्याला तीन आठवडे विश्रांती. त्या तीन आठवड्यांत मी आपलं वाक्य बाजूला काढलं होतं, ते पुन्हा हाती घेतलं. डाव्या हाताचा मळ. आणि उमजलं की आपण आयुष्यभर उजव्या हाताचे गुरू आहात, पण ही विद्या खरोखरच डाव्या हाताची आहे. पहिल्या पडण्यात माझ्या डाव्या हाताचं एक बोट क्लचवर असतं, तर ते आवळलं की संपलं असतं. इंजिन बोंबललं असतं, पण चाकापर्यंत जोर पोचलाच नसता. बांध वाचला असता. ओढ्यात क्लच अर्धवट दाबून जोर थेंबाथेंबाने दिला असता, तर चाक कातळावर घसरत बसलं नसतं. चढावर गाडी अर्ध्यात बंद पडली, तर गिअरमध्येच ठेवून क्लच किंचित सोडत-धरत तिला मागे उतरवता येतं. तिथे क्लच हाच ब्रेक होतो. क्लच पुरता दाबलेला आणि पुरता सुटलेला, यांच्या मधे बोटभर जागा आहे. सगळी गंमत त्या बोटभर जागेत आहे, आणि ती आपण मला दाखवली नाहीत, कारण आपण स्वतः कधी तिथे थांबला नाहीत.

खरं म्हणजे मी आपल्याला आधीच ओळखायला हवं होतं. आपल्या गल्लीच्या गणपतीतली स्लो सायकलची स्पर्धा आठवते? शेवटी पोचेल तो जिंकला. दर वर्षी पहिल्या दहा फुटांत पाय टेकून बाद होणारा मुलगा कोण होता? आणि बाद झाल्यावर इतरांना बाजूने “पळव, पळव” ओरडणारा?

घोटा बरा झाल्यापासून दर रविवारी सकाळी मी गावाबाहेरच्या पडीक माळावर जातो. कोणाचं रान नाही, सडा नाही, खाचर नाही. तुडवलं जाईल असं काही नाही. घोट्याच्या वरपर्यंत जाड बूट घातलेले असतात. दोन दगड ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठ काढतो, पहिल्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने, मूठ जवळजवळ न पिळता. नवी लिव्हर बसवताना तिचे स्क्रू जरासे ढिले ठेवलेत. पडलो तर ती फिरते, तुटत नाही. पडतो अजून, पण हळू पडतो, आणि बाजूला कोणी चित्रण करत नसतं. परवा पहिल्यांदा दगड बघितला, त्याच्याकडे बघायचं सोडलं, आणि गाडी त्याच्या बाजूने निघून गेली. मी इतका खूश झालो की पुढच्या वळणावर पडलो.

तर येत्या रविवारी सकाळी साडेसहाला माळावर यावं, ही विनंती. आपल्या दोघांत स्लो सायकल, पण मोटरसायकलवर. शेवटी पोचेल तो जिंकला. हरणारा त्या तुटलेल्या लिव्हरचे पैसे देईल. येताना पंप वेष्टनातून काढून आणावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एकुलता एक शिष्य

ता. क. आजींचा तो बांध परवाच्या पावसात पुन्हा खचला, असं काकांचा फोन आला होता. माळावरून थेट तिकडेच जायचं आहे. फावडी दोन घेतली आहेत. मोबाइल घरी ठेवून यावं.