किती मिलिग्रॅम?

कंपवाताच्या गोळ्या बंद करा, कौंचबीचं चूर्ण दुधातून घ्या, हात थरथरायचा थांबेल. असा निरोप फिरत फिरत दुर्ग-भिलाईतल्या मोहन नगरातही पोचतो. ज्या घरात पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले काका शर्टाच्या एका बटणाशी दहा मिनिटं झटत असतात, त्या घरात तो निरोप चटकन खरा वाटतो. दुखण्याला कंटाळलेल्या माणसाला ‘नैसर्गिक’ म्हटलं की धीर येतो.

सांगणाऱ्याची नियत चांगली असेल. तरीही औषध सोडायला सांगणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न विचाराच: किती मिलिग्रॅम? त्या चमचाभर चूर्णात औषध किती, ते दिवसातून कितीदा घ्यायचं आणि बंद केलेल्या गोळीची जागा ते भरून काढेल कशावरून? उत्तर येत नसेल तर तो सल्ला घेऊ नका.

कौंच म्हणजे आपली खाजकुहिली. शेंगेवर तपकिरी मखमली लव, ती अंगाला लागली की खाजवून जीव नकोसा होतो. आत चकचकीत काळ्या किंवा चितकबऱ्या बिया. छत्तीसगडच्या रानाला ही वेल नवी नाही. केंद्र सरकार ज्या वनोपजांना किमान आधारभूत किंमत देतं, त्यांत कौंचबी आहे. आयुर्वेद तिला कपिकच्छू म्हणतो. आणि तिच्यात खरंच औषध आहे. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी तिच्या बियांतून लेव्होडोपा वेगळं काढलं. पुढे १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी डोपाची मात्रा हळूहळू वाढवत नेली, तेव्हा ताठरलेले रुग्ण मोकळे हलू लागले. आज कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, मुख्य गोळीत असतं ते हेच लेव्होडोपा. म्हणजे निसर्ग विरुद्ध गोळी हे भांडणच खोटं आहे. रेणू तोच आहे, प्रश्न मापाचा आहे.

कौंचबीला हसणाऱ्यांनीही जरा थांबावं. मुंबईत अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांवर तिचा अभ्यास केला आणि तो १९७८ साली प्रसिद्ध झाला. १९९५ साली एचपी-२०० या तिच्या प्रमाणित चूर्णाचा साठ रुग्णांवरचा बारा आठवड्यांचा अभ्यास आला. रुग्णांना फायदा दिसला. २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांना एकदा नेहमीची गोळी आणि एकदा तीस ग्रॅम कौंच दिलं. कौंचचा गुण लवकर आला आणि जास्त वेळ टिकला. आपल्या जुन्या विद्येला प्रयोगशाळेत उतरवणाऱ्या या लोकांचा मला अभिमान वाटतो. त्यांनी वजन केलं, मोजलं, लिहून ठेवलं. निरोप पाठवणारे यातलं काहीच करत नाहीत.

आता पुढचं ऐका. २०१८ सालच्या एका अभ्यासात चौदा रुग्णांना कौंचचं चूर्ण रोज, आठवडेच्या आठवडे द्यायचं ठरलं. त्यातल्या सात जणांना ते मध्येच सोडावं लागलं. चौघांचं पोट बिघडलं, तिघांच्या हालचाली आणखी मंदावत गेल्या. यामागे कारण आहे. नुसतं लेव्होडोपा पोटात गेलं की त्यातलं बरंचसं मेंदूपर्यंत पोचण्याआधीच शरीरात डोपामीन होऊन खर्ची पडतं. मग मळमळ, उलट्या, रक्तदाब खाली. म्हणून गोळीत सोबत कार्बिडोपा घातलेलं असतं. ते ही गळती अडवतं आणि लेव्होडोपाची गरज सुमारे पाऊण हिश्श्याने कमी करतं. खाजकुहिलीच्या वेलीवर कार्बिडोपा पिकत नाही.

आणि डबीवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. २०२२ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कौंचच्या सोळा उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. एका वेळच्या मात्रेत लेव्होडोपा कुठे २ मिलिग्रॅम, तर कुठे २४१. ज्याची गोळी दिवसातून चार वेळा घड्याळ लावून ठरवलेली असते, त्याने हा जुगार खेळायचा? कमी पडलं तर पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. जास्त झालं तर अंग वेडंवाकडं हलतं, कधी नसलेली माणसं दिसू लागतात. गोळी चालू ठेवून वर चोरून चूर्ण घेणाऱ्यांना तर दोन्हीकडची मात्रा एकत्र बाधते.

सगळ्यात घातक सल्ला म्हणजे एका दिवसात गोळी बंद करणं. लेव्होडोपा अचानक तोडलं तर कधी जबर ताप येतो, अंग लाकडासारखं ताठ होतं, शुद्ध हरपते, आणि यात माणूस दगावू शकतो. ‘आजपासून सगळं बंद’ असं म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर त्याने दुसऱ्याच्या औषधाला हात लावू नये.

गोळी जितकी उशिरा सुरू करावी तितकी बरी, नाहीतर तिचा असर संपून जातो, हा दुसरा गैरसमज. घानात औषध मिळत नव्हतं म्हणून रुग्णांना लेव्होडोपा सरासरी चार वर्षांनी सुरू झालं, इटलीतल्यांना अडीच वर्षांच्या आत. २०१४ साली दोन्हींची तुलना झाली. औषधाचा असर कमी-जास्त होण्याचा त्रास दोन्हीकडे दुखण्याच्या साधारण त्याच टप्प्यावर सुरू झाला होता. घानातल्यांच्या वाट्याला मधली वर्षं फुकटची कष्टाची आली. आपल्या घरातल्या काकांना आपण तीच शिक्षा हौसेने का द्यावी? लेव्होडोपा-कार्बिडोपा भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. घानातल्या त्या रुग्णांसारखी लाचारी आपल्यावर नाही.

इतर ‘नैसर्गिक’ आशाही तपासून झाल्या आहेत. ‘ई’ जीवनसत्त्व आठशे रुग्णांवर, को-एन्झाइम क्यू-१० सहाशे रुग्णांवर. दोन्हींनी दुखणं रोखलं नाही. बाकल्याच्या शेंगांतही लेव्होडोपा असतं, पण जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी बाकल्याने फुटू शकतात. ही कमतरता छत्तीसगडमध्येही आढळते, त्यामुळे विचारल्याशिवाय तो प्रयोग नको.

मग खाण्याचं काही कामच नाही का? आहे, आणि मोठं आहे. लेव्होडोपा आणि प्रथिनं आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच दारातून जातात. गर्दी झाली की गोळी दाराबाहेर ताटकळते. सकाळची गोळी घेतली आणि लगेच पुढ्यात बेसनाचा चीला आणि वाटीभर दही आलं, तर गोळी पोटात जाऊनही हात उघडत नाही. घरचे म्हणतात, गोळी लागू पडेना. खरं तर ती चुकीच्या वेळी घेतली गेली. गोळी जेवणाच्या अर्धा ते पाऊण तास आधी घ्यावी. ज्यांना दिवसा हा त्रास जाणवतो त्यांनी डॉक्टरांना विचारून डाळ, पनीर, अंडी यांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात न्यावा. प्रथिनं तोडू मात्र नयेत, कंपवातात वजन आधीच घटत असतं. लोहाची गोळी चालू असेल तर दोहोंत दोन तासांचं अंतर ठेवा, लोह लेव्होडोपाला धरून ठेवतं. पोट साफ राहील इतकी भाजी, फळं आणि पाणी रोज पोटात जाऊ द्या, कारण बद्धकोष्ठता या दुखण्याची जुनी सोबतीण आहे आणि तुंबलेल्या पोटात गोळीही रखडते. आणि रोज चाला, हातपाय हलवा. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना एकत्र आणतं, नाचाचे वर्गही पुण्यात भरतात. दुर्ग-भिलाईत असं काही उभं करायला परवानगी कोणाची लागते?

माझा राग फक्त निरोप पाठवणाऱ्यांवर नाही. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, ‘दिवसातून चार वेळा’ म्हणतात आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावतात. जेवणाआधी की नंतर, विसरली तर काय, बंद केली तर काय होईल, हे कोणी सांगत नाही. डॉक्टरांनी रिकामी सोडलेली ही जागा मोबाइल भरतो. कौंचचं चूर्ण घ्यावंसं वाटतं हे रुग्णही डॉक्टरांना सांगत नाही, कारण ओरडा खावा लागेल ही भीती असते. डॉक्टरांनी ती भीती काढली पाहिजे. ज्यांना कौंच घ्यायचंच आहे त्यांच्यासाठी प्रमाणित चूर्ण, ठरलेली मात्रा आणि डॉक्टरांची देखरेख एवढी एकच वाट आहे.

मागणी साधी आहे. दुर्ग-भिलाईत कंपवाताचे रुग्ण तपासणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने एक पान छापावं. हिंदीत, छत्तीसगढीत, मराठीत. त्यावर गोळीची वेळ, जेवणाची वेळ, सोबत काय टाळायचं, आणि मोठ्या अक्षरांत: डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. छपाईला फार तर रुपया लागेल. ते पान पुढच्या भेटीत मागून घ्या, आणि मिळालं नाही तर मिळेपर्यंत मागत राहा.