गाडी उचलत नाही आणि मागून ठो करते: नवशिक्यांसाठी सोपे मार्गदर्शन

हे मार्गदर्शन कार्ब्युरेटरवाल्या जुन्या मारुती ८०० साठी आहे. १९८३ साली रस्त्यावर आलेल्या या गाडीत ७९६ सीसीचं इंजिन आणि तीनच सिलिंडर. त्यातला एक संपावर गेला की ताकदीचा तिसरा हिस्सा गेला, आणि ही बातमी खंबाटकी घाटात मागच्या ट्रकवाल्याला तुमच्या आधी कळते.

साहित्य: प्लगपाना, पक्कड, टॉर्च, फडकं. सल्लागार आणावे लागत नाहीत. बॉनेट उघडलं की जमतात.

पायरी १. हँडब्रेक पूर्ण सुटलाय का पाहा. हसू नका, पाहा. मग थोडी फेरी मारून चाकांजवळ हात न्या. एकच चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक धरून बसलाय. इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी त्या मानाने पळत नाही, तर क्लच घसरतोय. पण या दोन्ही आजारांत सायलेन्सर गप्प असतो. तुमचा फटाके फोडतोय, म्हणून पुढे वाचा.

पायरी २. आवाजाची दिशा ठरवा. पुढून, कार्ब्युरेटरमधून ‘फट्’ आला तर बहुधा मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय किंवा टायमिंग चुकलंय. मागून ‘ठो’ आला तर सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतंय. गाडी ओढायचं काम सोडून ते बाहेर दिवाळी करतंय. तेव्हा ‘पिकअप नाही’ आणि ‘ठो’ या बहुतेक वेळा दोन तक्रारी नसतात, एकच असते.

पायरी ३. सल्लागारांचं ऐका. पहिले काका म्हणतील, “कार्ब्युरेटरमध्ये कचरा आलाय.” दुसरे म्हणतील, “पेट्रोलमध्ये भेसळ.” तिसरे काहीही न बघता इंजिन उतरवायला सांगतील. तिघांनाही मान डोलवा आणि कशालाही हात लावू नका. विशेषतः कार्ब्युरेटरला. नवशिक्याने उघडलेला कार्ब्युरेटर पुन्हा बसवला की एक स्प्रिंग उरतेच.

पायरी ४. आता फुकटातलं तपासा. चोकची खुंटी आत गेली आहे का? चोक अडकला असेल तर इंजिन गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पितं. एअर फिल्टर धुळीने बुजला तरी तेच. मग इंजिन गार झाल्यावर प्लग काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर उत्तम. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी अशक्त. पांढरंफटक म्हणजे पेट्रोल कमी. ओला प्लग म्हणजे त्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडत नसावी.

पायरी ५. मिसिंग कोण मारतंय ते शोधा. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, तिचं टोक इंजिनच्या धातूला टेकवून ठेवा आणि गाडी सुरू करा. इंजिन आणखी लंगडलं तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर कामचुकार सापडला. चालू इंजिनवर उघड्या हाताने वायर ओढणाऱ्यालाही दोष लगेच सापडतो. फक्त गाडीतला नव्हे.

पायरी ६. रात्री दिवे मालवून बॉनेट उघडा. वायरींवर किंवा डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर वीज प्लगपर्यंत पोचण्याआधीच पळतेय. वायरींचा सेट किंवा टोपी बदला. काहीच दिसलं नाही तर टायमिंग तपासायला मेकॅनिककडे जा. बेल्ट एक दात सरकला असेल तर ते काम फडक्याने होत नाही.

पायरी ७. गाडी ठीक झाली की तिन्ही काकांना वेगवेगळं गाठून सांगा, “तुम्ही म्हणालात तेच निघालं.” बॅटरी उतरेल त्या दिवशी धक्का मारायला हीच मंडळी लागणार आहेत.