वानखेडेंची वेगळी चूल

काकूंचं माहेर लातूर, सासर नांदेड. त्यामुळं विषय अंबाडीच्या भाजीचा असो की आयुक्तालयाचा, कंपाउंडच्या त्या अंगाला लातूर अन् ह्या अंगाला नांदेड. काल त्यांनी भाजीचं सूप भिंतीवर टेकवलं अन् म्हणाल्या,

"ऐकलीस का माय? अमेरिकेत बेसबॉलचा अख्खा संघच गाव सोडून निघाला. भाचा सांगायला."

"कुठला हो?"

"ओकलंडचा. लास व्हेगासवाले म्हणले, इकडं या, मैदानाला पैसे देतो. तिथल्या नेवाडा सरकारनं २०२३ ला ३८ कोटी डॉलरपर्यंत कबूल केलेत. मैदान होईस्तोवर संघ सॅक्रामेंटोत, पाहुण्यासारखा."

"म्हणजे सोयरीकच की. जास्त हुंडा देईल तिकडं!"

आपल्याकडं तसं नाही. आपल्याकडं संघ जागचा हलत नाही, रुसवा झाला की शेजारी दुसरं स्टेडियम उभं राहतं. मी काकूंना मुंबईची गोष्ट सांगितली. समुद्र हटवून काढलेली जागा क्रिकेट क्लब ऑफ इंडियाला साडेतेरा रुपये चौरस यार्डानं मिळाली, अन् १९३७ ला तिथं ब्रेबॉर्न स्टेडियम झालं. नाव गव्हर्नरसाहेबांचं. जागा देणाऱ्याचं नाव पाटीवर, ही रीत तेव्हाचीच. पुढं सामने भरवायचे मुंबईच्या क्रिकेट संघटनेनं, मैदान मात्र क्लबाचं. तिकिटं किती कुणाला, यावरून दरवर्षी कुरबुर. क्लबाचे अध्यक्ष विजय मर्चंट, संघटनेकडून शेषराव वानखेडे. ते विधानसभेचेही अध्यक्ष. दोघांचं बिनसलं.

"मग?"

"मग काय, वेगळी चूल! चालत जाता येईल इतक्या अंतरावर, चर्चगेटच्या रुळांना लागून, सव्वा वर्षाच्या आत दुसरं स्टेडियम. जानेवारी १९७५ ला तिथं वेस्ट इंडीजशी कसोटी. क्लाइव्ह लॉइडनं नाबाद २४२ ठोकले."

काकूंनी एक जून पान बाजूला टाकलं. "पासापायी एवढं? आमच्यात जावाजावांचं घरसुद्धा एवढ्या लवकर वाटून होत नाही."

नागपूरवाले, पुणेवाले त्याच वाटेनं गेले, फक्त लांब. नागपूरचं मैदान सिव्हिल लाइन्समधून २००८ ला वर्धा रोडवर जामठ्याला. पुण्याचं नेहरू स्टेडियम महापालिकेचं, म्हणून तिथल्या संघटनेनं २०१२ ला द्रुतगती मार्गालगत गहुंज्याला स्वतःचं उभारलं. गावात जागा सोन्याच्या भावानं, बाहेर एकरानं मिळते. सामना संपल्यावर रात्री घरी कसं जायचं, ते प्रेक्षकानं बघावं! गहुंज्याला नाव दिलं सहाराच्या सुब्रत रॉय यांचं, कारण पैसा त्यांचा येणार होता. पैशावरून वाद झाला, नाव उतरलं.

"अन् आपल्याकडं?" काकू खऱ्या मुद्द्यावर आल्या. "विभाग लातूरचा. शाळेच्या स्पर्धांना तुमच्या नांदेडची पोरंसुद्धा लातूर विभागात मोजतेत."

"महसुलाचं आयुक्तालय म्हटलं की मात्र तुम्हाला ते नांदेडला नको!"

आयुक्तालय लातूरला की नांदेडला, हे २००९ पासूनचं भांडण आमच्या भिंतीवरही मिटलेलं नाही. क्रीडा संकुलाचा हिशेब त्यामानानं सरळ असतो: सरकार अनुदान देतं, जागा सरकारी शोधायची, अन् पुढच्या देखभालीला स्टेडियमच्या पोटात गाळे काढून भाड्यानं द्यायचे. मग मैदानापेक्षा गाळ्यांचीच जास्त चर्चा. आमचं गुरु गोविंदसिंगजी स्टेडियम निदान भर गावात आहे, पोरं सायकलवर जातात. माझ्या मते जागेचा सगळ्यात मोठा निकष हाच. काकूंना तो पटला नाही, कारण तो नांदेडचा होता.

"ते जाऊ दे," त्या म्हणाल्या. "परवा नातीची सॉफ्टबॉलची मॅच बघायला गेले. कुठलं मैदान ते विचारू नको. चार तास उन्हात बसले. पाणी नाही, संडासाला कुलूप. रस्ता ओलांडून एका ओळखीच्या दवाखान्यात गेले माय, पेशंट नसताना."

सूप उचलून जाता जाता मागं वळल्या.

"तुझे मालक लिहितेत ना पेपरात? मग लिहा म्हणावं. स्टेडियम लातूरला करा नाहीतर नांदेडला करा, बायकांचा संडास आधी बांधा. अन् त्याची चावी शिपायाच्या खिशात ठेवू नका."

मालक काही लिहीत नाहीत, म्हणून मीच लिहिलं.