मध्यस्थ

रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत हे काका हमखास सापडतात. वीज मंडळातून निवृत्त. सकाळी बूढ़ा तालाबला फेरी मारताना भेटेल त्याला ऐकवणार, की १८७७ साली छोटा नरेंद्र, म्हणजे पुढचे विवेकानंद, आमच्याच मोहल्ल्यात राहायला आला होता. मग माधवराव सप्रे. मराठी माणसानं १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ मासिक काढलं, हे सांगताना आवाज असा चढतो, जणू पहिल्या अंकाची प्रुफं यांनीच तपासली होती. घरी येऊन चपला काढल्या, की वक्तृत्व संपलं.

काकूंशी त्यांचं भांडण नाही. भांडायला बोलावं लागतं. अबोल्याचं कारण दोघांनाही पक्कं आठवतं, फक्त वेगवेगळं. मोहल्ल्यातलं प्रसिद्ध धरणास्थळ सरकारनं नव्या रायपुरात तूत्याला नेलं. या घरचं मूक आंदोलन मात्र जागेवरच आहे.

मध्यस्थी कामवाल्या बाईकडे. स्वयंपाकघरातून काकू म्हणणार, “त्यांना म्हणावं, पोहे थंडे होऊन राहिले.” बाई बैठकीत येऊन, “कका, पोहा जुड़ावत हे.” काका पेपरामागून, “विचार, आज मिठाचा उपास आहे का?” हे आत पोचतं ते “काकी, थोरकिन नून दे दे” असं. कुजकेपणा दारातच गाळून घेण्याची तिची हातोटी पाहिली, की संयुक्त राष्ट्रांनी उगाच एवढी माणसं पोसली असं वाटतं.

पण दुरावा म्हणावा, तर काकांची रक्तदाबाची गोळी संपायच्या आदल्या दिवशी काकूंच्या हुकमानं नवी पट्टी येते. काकूंच्या गुडघ्याचं तेल काका स्वतः गोलबाजारातून आणतात आणि ते फ्रिजवर आपोआप उगवल्यासारखे वागतात. पकडले जाण्याची भीती दोघांनाही सारखीच.

खरी पंचाईत भादव्यात. तीजाला छत्तीसगढ़ी बायका माहेरी जातात, तशी बाईही जाते. इकडे काकूंची हरतालिका; ज्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्याच दीर्घायुष्यासाठी निर्जळी! काका त्या दिवशी चहाही मागत नाहीत. स्वतः करतात आणि दूध उतू घालवतात. काकू ते पुसतात, मुकाट्यानं, पण भांडी जरा जास्तच वाजवून.

दुसऱ्या दिवशी गणपती येतो आणि बाईची जागा त्याला मिळते.

“देवा, नैवेद्य वाढलाय. ज्यांना यायचं त्यांनी यावं.”

“देवा, येऊनच राहिलो. चष्मा सापडत नाही.”

“देवा, कपाळावर बघायला सांग.”

या घरचा गणपती दीड दिवसाचा. यंदा विसर्जनाच्या सकाळी काका मखरासमोर उभे राहून म्हणाले, “बाप्पा, एवढी काय घाई? यंदा पाच दिवस राहा.”

आतून काकू म्हणाल्या, “देवा, पाच दिवस मोदक कोण करणार, तेवढं विचारून घे. आणि नारळ दोन कमी पडतील.”

काका पिशवी घेऊन निघाले.

“मोठे बघून आणा,” काकू म्हणाल्या. या वेळी ‘देवा’ म्हणायचं राहून गेलं.

“हो, देवा,” काका म्हणाले.