सनदशीर पुण्य

सिंगापुरातील वन-नॉर्थमधल्या बायोपोलिस-फ्युजनोपोलिसच्या वातानुकूलित मनोऱ्यांत चाकरी करणारे आम्ही मराठी जन स्पेनमधील सान्तियागोच्या पदयात्रेस सिद्ध होतो, तेव्हा अवघ्या १६३ मीटर उंचीच्या बुकित तिमा टेकडीवर पिरेनीज पर्वताची रंगीत तालीम करतो, रूळ उखडलेल्या जुन्या रेल्वेमार्गाच्या २४ किलोमीटरांवर नव्या पादत्राणांची परीक्षा घेतो, आणि पाठीवरील बोजा ग्रॅमाग्रॅमाने तोलतो. किमान १०० किलोमीटर पायी, अथवा २०० सायकलवरून, आक्रमिल्याचे शिक्के दाखविल्यावाचून तेथील दफ्तरातून यात्रेची सनद मिळत नाही, ही तजवीज दाखल्यांवर पोसलेल्या आमच्या मनास विशेष भावते. आळंदीहून पंढरपुरास सुमारे २५० किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्यास मात्र ना तालीम लागते, ना सनद. म्हणूनच बहुधा ती वारी आमच्या रजेच्या अर्जात कधी बसत नाही.