मोत्यांची पहिली इयत्ता

लागणारे साहित्य: मोत्याचा एखादा दागिना, धुऊन धुऊन मऊ झालेला मलमलीचा तुकडा, आरसा आणि एक आत्या. आत्या नसल्यास मोठी मावशी चालेल. मात्र तिने निदान चार लग्नांत दुसऱ्यांचे मोती चिमटीत धरून "छान आहेत, पण..." असे म्हटलेले असावे.

आधी उत्पत्ती पाठ करा, कारण ती विचारली जाते. स्वाती नक्षत्रातला पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, हे आत्याचे मत. थेंब नव्हे, वाळूचा कण, हे इंजिनिअर भाच्याचे मत. दोघांनाही एकदम गप्प करायचे असेल तर सांगा की बहुतेक वेळा आत शिरलेला परजीवी किंवा झालेली इजा हे कारण असते आणि शिंपल्यातला जीव त्याभोवती कॅल्शियम कार्बोनेटचे पातळ थर चढवत बसतो. जपानच्या कोकिची मिकिमोतो यांनी 1893 साली ही इजा मुद्दाम करून अर्धगोल मोती पिकवून दाखवला. पुढे पूर्ण गोल मोतीही पिकू लागले, त्यात जागतिक मंदी आली आणि 1930 च्या दशकात इराणी आखातातल्या पाणबुड्यांचा शतकानुशतकांचा धंदा बसला. आज दुकानात ‘खरा’ म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा असा पिकवलेला, म्हणजे कल्चर्ड मोती. तो खोटा नव्हे. त्याला फक्त नशिबाची वाट पाहावी लागलेली नसते.

आता खरेदी. प्रत्येक मराठी घरात आजीची नथ बसरा मोत्यांचीच असते, यावर वाद घालू नये. बसरा हे इराकमधले बंदर. मोती बहारीन-कुवेतकडच्या समुद्रातले, आणि त्यांची मोठी बाजारपेठ मुंबई. दुकानदार नवा कोरा, स्वस्त ‘बसरा’ पुढे करू लागला तर काउंटरवर कोपर टेकून सगळे ऐकून घ्या, पाकीट मात्र खिशातच राहू द्या.

यानंतर दातांची परीक्षा. मोती पुढच्या दातांच्या कडेवर हलकेच घासा. खरखरला तर खरा, गुळगुळीत सरकला तर काच किंवा प्लास्टिक. सेल्समन तुमच्याकडे पाहत असेल तर पाहू द्या; त्याने याहून वाईट पाहिलेले असते. ही परीक्षा चांगली आहे, पण अपुरी आहे. कल्चर्ड मोतीही तसाच खरखरतो. नैसर्गिक की पिकवलेला हे ठरवायला प्रयोगशाळेत क्ष-किरण लागतात. आत्याचे दात तिथवर पोचत नाहीत. तिथवर न जाता करण्यासारखे दोनच उद्योग. एक, भोकाची कड भिंगातून पाहा: नकली मोत्याचा मुलामा तिथेच सोलवटतो. दोन, सर खिडकीशी नेऊन मोत्याचे पाणी पाहा. दुकानातल्या दिव्यांखाली हरभरासुद्धा पाणीदार दिसतो. चांगल्या मोत्यात खिडकीची चौकट रेखीव उमटते. नुसता धुरकट ठिपका दिसला तर सर परत द्या. आणि सगळे मोती अगदी एकाच साच्यातले वाटत असतील, तर ते साच्यातलेच असतात.

भावाबद्दल एवढेच लक्षात ठेवा की जुन्या मुंबईच्या मोतीबाजारात किंमत वजनाच्या वर्गाने चढे: वजन दुप्पट तर भाव चौपट. मोठ्या मोत्याकडे बोट दाखवण्याआधी हा हिशेब मनात करावा. ज्यांना हिशेबाची गरज नव्हती अशांत बडोद्याचे खंडेराव गायकवाड अव्वल. त्यांनी मोत्यांचा गळ्यात घालायचा हार तर केलाच, शिवाय मोत्यांनी मढवलेला गालिचाही करवून घेतला. बडोद्याच्या त्या हारातून उरलेले 68 मोती दोन सरांत ओवून 2007 साली न्यूयॉर्कला लिलावात निघाले आणि 70 लाख डॉलरच्या वर गेले. नवशिक्यांनी इथून सुरुवात करू नये.

घालण्याचा धडा नथीपासून. मापाचा अधिकृत नियम एकच आणि तो तुम्हाला बालपणापासून पाठ आहे: नाकापेक्षा मोती जड नको. नाक टोचलेले नसेल तर चापाची नथ घ्या, पण चाप घरीच सैल करून पाहा. नाहीतर मंगलाष्टकांत डोळ्यांतून पाणी येईल आणि लोक त्याचा भलताच अर्थ काढतील. कुडी सात मोत्यांची, तिची फिरकी घट्ट बसली की निर्धास्त. तन्मणीचे खोड मध्यभागी राहील असा गोंडा मागून दुसऱ्या कुणाला तरी बांधायला लावा. पुरुषांनीही हिरमुसू नये, भिकबाळी आहे. पेशवाईतल्या चित्रांत ती शोभते आणि ढोल-ताशा पथकातही. मधल्या दिवसांत ऑफिसात घालणे हे ज्याचे त्याने ठरवावे. नथीतून तीर मारणे हा पुढच्या इयत्तेचा भाग असून तो आत्या प्रात्यक्षिकासह शिकवते.

क्रम चुकवू नका: पावडर, अत्तर, केसांचा स्प्रे आधी, मोती सर्वांत शेवटी. उतरवताना मात्र मोती सर्वांत आधी. आम्ल हा मोत्याचा वैरी. पंगतीत नथ मठ्ठ्यात बुडली किंवा लिंबाची चिळकांडी उडाली तर मोती तिथल्या तिथे विरघळणार नाही, पण पाणी उतरू लागते. ओल्या फडक्याने लगेच पुसा.

मोत्यांचे खरे नुकसान वापराने थोडे आणि प्रेमाने जास्त होते. सोन्याच्या पाटल्या घासतो तशी टूथपेस्ट लावून नथ घासणाऱ्या प्रेमळ बायका प्रत्येक घरात असतात. मोती नखाहून फारसा कठीण नसतो, साध्या धुळीनेही त्यावर चरे उठतात. म्हणून टूथपेस्ट नको, ब्रश नको, सोडा नको, चिंच तर मुळीच नको, आणि साबणही नको. दिवाळीतला मोती साबणसुद्धा नको. घाम पुसून, हवेशीर जागी ठेवून, मग मऊ पिशवीत वेगळे ठेवायचे, एवढेच. प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून कोंबून वर लॉकरमध्ये बंद करणे म्हणजे पुढच्या पिढीसाठी कोरडे, तडकलेले मोती राखून ठेवणे. लॉकरमध्ये ठेवायचेच असतील तर कापडात गुंडाळा आणि दर सणाला बाहेर काढून अंगावर घाला.

मोठ्या मोत्यांच्या सरात प्रत्येक मोत्यामागे गाठ मारून घ्या. सर तुटला तरी एकच मोती सोफ्याखाली जातो. रेशमी दोरा वापराने सैल पडतो. दोन मोत्यांत दोरा दिसू लागला की आत्येच्या लक्षात येण्याआधी पटवेकऱ्याकडे जा. जुन्या पेठांत, सराफांच्या आसपास चौकशी केली की तो सापडतो. जायचे ते लग्नसराईच्या आधी. ऐन लग्नसराईत गेलात तर तो आषाढाचा वायदा करील.